रॅम किती आणि रॅम कोठे

आपल्या शाळेच्या संगणक कक्षात आज जे बावीस संगणक चालू स्थितीत आहेत, त्यांपैकी एकही शाळेने नवा विकत घेतलेला नाही. कोणा माजी विद्यार्थ्याने आपल्या कार्यालयातून निकाली निघालेली चार यंत्रे मिळवून दिली, कोणी घरचा जुना संगणक मुलांसाठी आणून ठेवला, तर कोणी रॅमच्या दोन पट्ट्या टपालाने पाठवल्या. असा हा दानातून उभा राहिलेला कक्ष आहे. वसतिगृहातील बहुतेक मुलामुलींच्या घरी संगणक नाही. त्यामुळे शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशपरीक्षेचा सराव, मराठी टंकलेखन, विज्ञानाच्या चित्रफिती, हे सारे त्यांना याच खोलीत करावे लागते. तासिका पस्तीस मिनिटांची असते. संगणक सुरू होऊन हाताशी येईपर्यंत त्यांतील आठ मिनिटे गेली आणि एका यंत्रावर दोघे बसले, तर एकाच्या वाट्याला पुरती चौदा मिनिटेही येत नाहीत. म्हणून यंत्राची मंदगती ही आमच्याकडे केवळ गैरसोय नसते; ती मुलाच्या शिकण्याच्या वेळेतून वजा होते.

यंत्र मंद झाले की सल्ला एकच मिळतो: हे भंगारात काढा, नवे घ्या. सल्ला देणाऱ्याचे त्यात काही हित असते असे मी म्हणत नाही. परंतु यंत्राचे झाकण उघडून पाहण्यापूर्वीच तो दिला जातो, एवढे मात्र खरे. संगणक विषयाच्या शिक्षकाचे पद रिक्त असल्याने गेली काही वर्षे या कक्षाची जबाबदारी इतिहासाच्या शिक्षकाकडे, म्हणजे माझ्याकडे आहे. इतिहासात मूळ साधन न पाहता निष्कर्ष काढू नये असा दंडक असतो. तो येथेही लागू केला. गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास एका कार्यालयाकडून सहा यंत्रे आली. नववी-दहावीच्या मुलांनी त्यांची झाकणे उघडली, तेव्हा चार यंत्रांत रॅमच्या दोन-दोन पट्ट्या एकमेकींना अगदी खेटून बसवलेल्या आढळल्या. झाकणाच्या आतील बाजूस चिकटवलेली आकृती एका विद्यार्थिनीने वाचून दाखवली. तीत पट्ट्यांच्या जागा निराळ्या दाखवल्या होत्या. आकृतीप्रमाणे पट्ट्या हलवल्या. एक रुपयाही खर्च न होता त्या चारही यंत्रांतील स्मृतीचा रस्ता दुप्पट रुंद झाला. हे कसे घडते, कोठे त्याचा उपयोग होतो आणि कोठे होत नाही, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. ज्यांच्या घरी मेजावरचा जुना संगणक आहे, त्या पालकांनाही ते उपयोगी पडेल.

प्रथम एक घोटाळा दूर करू. ‘आमच्या संगणकाची मेमरी पाचशे जीबी आहे’ असे पालक सांगतात, तेव्हा ते बहुधा हार्ड डिस्कविषयी बोलत असतात. हार्ड डिस्क म्हणजे ग्रंथालयातील कपाट. वीज गेली तरी तेथील पुस्तके जागच्या जागी राहतात. रॅम म्हणजे वाचनाचे टेबल. ज्या पुस्तकावर या क्षणी काम चालू आहे, ते तेवढ्यापुरते टेबलावर येते. टेबल लहान पडले की नवे पुस्तक घेण्यासाठी आधीचे उचलून कपाटात ठेवावे लागते, आणि काही क्षणांनी तेच पुन्हा आणावे लागते. फरक एवढाच की संगणकातील कपाट फारच दूर असते. रॅममधील मजकूर प्रोसेसरपर्यंत येण्यास साधारणतः शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवरून तो शोधून आणण्यास दहा मिलिसेकंदांच्या घरात. म्हणजे सुमारे एक लाख पट. टेबलावरचे पुस्तक उचलण्यास एक सेकंद लागत असेल, तर कपाटापर्यंतची फेरी सत्तावीस-अठ्ठावीस तासांची होईल. यंत्राचा लाल दिवा सारखा लुकलुकतो, आतून खरखर ऐकू येते आणि पडद्यावर काहीच हलत नाही, तेव्हा हीच फेरी चाललेली असते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे थोडे मागे वळून पाहावेसे वाटते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधला गेलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तारांच्या जाळीत ओवलेली प्रत्येक कडी एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक, एवढेच लक्षात ठेवी. चाळीस बिटांचा एक शब्द, असे २,०४८ शब्द त्यात मावत; आजच्या भाषेत सुमारे दहा किलोबाइट. कड्यांच्या या युगाला उतार लावणारी कल्पना १९६६ साली आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना सुचली: एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर मिळून एक बिट. १९६८ मध्ये त्यांना या कल्पनेचे पेटंट मिळाले आणि १९७० मध्ये इंटेलची ‘११०३’ ही १,०२४ बिटांची चिप बाजारात आली. आज तळहातावर मावणाऱ्या ८ जीबीच्या पट्टीत ६,८७१ कोटींहून अधिक बिट असतात. तत्त्व मात्र डेनार्ड यांचेच आहे. हा कपॅसिटर गळक्या माठासारखा असतो. त्यातील विद्युतभार झिरपत राहतो, म्हणून तो पुनःपुन्हा भरावा लागतो. साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत पट्टीतील प्रत्येक बिट एकदा वाचून पुन्हा लिहिला जातो. वीज गेली की हे भरणे थांबते आणि सारे पुसले जाते. न साठवलेला निबंध वीज गेल्यावर का नाहीसा होतो, याचे उत्तर मुलांना येथे मिळते.

आता मुख्य मुद्दा. पट्टी कितीही मोठी असो, ती आणि प्रोसेसर यांच्यामधील रस्त्यावरून एका खेपेस ६४ बिट, म्हणजे आठ बाइटच जातात. डीडीआर४ जातीची २४०० वेगाची पट्टी सेकंदाला २४० कोटी खेपा करते. आठाने गुणले की सेकंदाला १९,२०० मेगाबाइट. पट्टीच्या लेबलावर ‘पीसी४-१९२००’ असे छापलेले असते, ते हेच. सर्वसाधारण डेस्कटॉप संगणकात प्रोसेसरकडून असे दोन स्वतंत्र रस्ते निघतात. त्यांना चॅनल म्हणतात: चॅनल ए आणि चॅनल बी. दोन्ही चॅनलांवर पट्टी असेल तर दोन्ही रस्ते एकाच वेळी वाहतात आणि क्षमता ३८,४०० मेगाबाइट होते. एकाच चॅनलवर दोन्ही पट्ट्या बसवल्या, तर दुसरा रस्ता मोकळा पडून राहतो. रॅमची एकूण बेरीज दोन्ही वेळेस तीच दिसते. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या भोजनगृहाचे उदाहरण घेऊ. प्रत्येक माजी विद्यार्थ्याला ते आठवत असेल. समजा, भात वाढण्याच्या दोन खिडक्या आहेत आणि दोन पातेली आहेत. दोन्ही पातेली एकाच खिडकीपाशी ठेवली, तर भात सगळ्यांना पुरेल, पण रांग एकच राहील आणि दुसऱ्या खिडकीतला वाढपी हातात डाव घेऊन नुसता उभा राहील. एकेक पातेले एकेका खिडकीपाशी ठेवले की तोच भात दोन रांगांना एकाच वेळी मिळतो. पातेले मोठे केल्याने रांग लवकर सरकत नाही. दृष्टान्त एका बाबतीत अपुरा आहे: संगणकात मजकूर ठेवतानाच त्याचे तुकडे आलटून पालटून दोन्ही चॅनलांवर ठेवले जातात, त्यामुळे वाचताना दोन्ही खिडक्या आपोआप कामाला लागतात. त्यासाठी कोणती आज्ञा द्यावी लागत नाही. पट्टी योग्य जागी असणे एवढीच अट.

ती योग्य जागा कोणती? मदरबोर्डवर दोनच स्लॉट असतील, तर प्रश्नच नाही. एच६१, एच८१, एच११० या चिपसंचांचे बोर्ड आपल्या कक्षात अधिक आहेत. त्यांच्यावर प्रत्येक चॅनलचा एकेकच स्लॉट असतो. दोन पट्ट्या बसवल्या की दोन चॅनल झाले. तेथे विचार करावयाचा तो एवढाच, की ८ जीबीची एक पट्टी घ्यावी की ४ जीबीच्या दोन.

गोंधळ होतो तो चार स्लॉटांच्या बोर्डावर. सुट्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरच्या बाजूने मोजत गेल्यास क्रम असा असतो: ए१, ए२, बी१, बी२. म्हणजे शेजारचे दोन स्लॉट एकाच चॅनलचे असतात. दोन पट्ट्या असतील तर त्या ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्या. पहिल्या आणि तिसऱ्यात बसवल्या तरी दोन चॅनल होतातच. मग दुसरा आणि चौथाच का, असा प्रश्न एका मुलाने विचारला होता आणि तो रास्त आहे. पुष्कळ बोर्डांवर प्रोसेसरकडून निघालेली तार आधी ए१ ला भेटते आणि तीच पुढे ए२ पर्यंत जाते. फक्त ए१ भरला, तर पुढचा तुकडा रिकामा लोंबकळतो. संकेत त्या रिकाम्या टोकापर्यंत जाऊन परततो, जसा विहिरीत दिलेला आवाज परत येतो, आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळून तो अस्पष्ट करतो. टोकाचा स्लॉट भरलेला असला की हा प्रतिध्वनी कमी होतो. जुन्या, कमी वेगाच्या डीडीआर३ पट्ट्यांना याने फारसे बिघडत नाही; वेग वाढत जातो तसे हे महत्त्वाचे होत जाते.

तरीही हा क्रम पाठ करून कोणत्याही यंत्राला लावू नये. कार्यालयांसाठी बनवलेल्या तयार यंत्रांत स्लॉटांचे क्रमांक निराळ्या रीतीने दिलेले असतात आणि प्रथम भरावयाच्या स्लॉटांच्या कडा बऱ्याचदा वेगळ्या रंगाच्या असतात. पुष्कळ बोर्डांवर एका रंगाचे दोन स्लॉट म्हणजे एक जोडी; पण काही जुन्या बोर्डांवर एक रंग म्हणजे एकच चॅनल असतो, आणि तेथे एका रंगात दोन्ही पट्ट्या बसवणारा फसतो. म्हणून झाकणाच्या आतील आकृती, बोर्डावर बारीक अक्षरांत छापलेली नावे किंवा निर्मात्याची पुस्तिका, यांपैकी एक तरी पाहिल्याशिवाय पट्टीला हात लावू नये असा नियम आम्ही कक्षात केला आहे. आकृती असलेल्या झाकणाचे मुलांनी छायाचित्र काढून ते त्या यंत्राच्या नोंदवहीत चिकटवले आहे.

दानाच्या पट्ट्या जोडीने येतातच असे नाही. एकच ८ जीबीची आणि एक ४ जीबीची आली, तर काय करावे? दोन्ही वेगवेगळ्या चॅनलांवर बसवाव्या. इंटेलचे प्रोसेसर अशा वेळी दोन्हीकडील ४-४ जीबी एकत्र धरून दोन रस्त्यांनी चालवतात आणि उरलेले ४ जीबी एका रस्त्याने. पातेल्यांच्या भाषेत, लहान पातेल्यात भात असेपर्यंत दोन रांगा, मग एक. याहून मजेदार प्रसंग म्हणजे एक पट्टी ८ जीबीची आणि दोन ४ जीबीच्या. येथे मोठी पट्टी एकटी एका चॅनलवर आणि दोन्ही लहान पट्ट्या दुसऱ्या चॅनलवर बसवल्या, की दोन्हीकडे ८-८ जीबी होऊन सगळीच्या सगळी १६ जीबी दोन रस्त्यांनी वाहते. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा सातवीच्या मुलांनीही तो केला. तिन्ही पट्ट्या ४ जीबीच्या असतील, तर मात्र एका बाजूला ८ आणि दुसऱ्या बाजूला ४ राहणार; त्यातूनही ८ जीबी दोन रस्त्यांनी मिळते, हे काही कमी नाही.

पट्ट्या वेगवेगळ्या वेगाच्या असतील, तर सर्वांत मंद पट्टीचा वेग सगळ्यांना लागू होतो. पांगुळगाड्याबरोबर चालताना धावपटूलाही सावकाश चालावे लागते. शिवाय प्रोसेसर आणि बोर्ड यांचीही मर्यादा असते. सहाव्या पिढीच्या आय३ प्रोसेसरच्या आणि एच११० बोर्डाच्या यंत्रात ३२०० वेगाची डीडीआर४ पट्टी घातली, तर ती चालेल, पण २१३३ च्या वेगाने. अशा यंत्रासाठी अधिक वेगाच्या पट्टीवर जास्तीचे पैसे घालवणे व्यर्थ होय. उलट, नव्या बोर्डांवर अधिक वेगाची पट्टी घेऊनही ती निर्मात्याने छापलेल्या वेगाने आपोआप चालत नाही. त्यासाठी बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या यंत्रात ‘एक्सएमपी’ किंवा एएमडीच्या डीडीआर५ यंत्रात ‘एक्सपो’ ही सोय चालू करावी लागते. नव्या यंत्रांबाबत आणखी एक सूचना. चारही स्लॉट भरलेले बरे, ही समजूत डीडीआर५ मध्ये उलटते. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांसाठी ५२०० वेग अधिकृतपणे सांगितला आहे. चार पट्ट्या लावल्या की तो ३६०० वर येतो. तेथे ८ च्या चार पट्ट्यांपेक्षा १६ च्या दोन केव्हाही चांगल्या.

इतके सांगितल्यावर माझे मत स्पष्ट नोंदवतो. दोन रस्त्यांचे कौतुक योग्यच. पण आधी टेबल पुरेसे मोठे हवे. ज्या यंत्रात अवघी २ जीबी रॅम आहे, त्यात ती १ जीबीच्या दोन पट्ट्यांत वाटली काय आणि एका पट्टीत ठेवली काय, ब्राउझर उघडताच कपाटाच्या फेऱ्या सुरू होणारच. म्हणून हाताशी ८ जीबीची एकच पट्टी आणि २ जीबीच्या दोन पट्ट्या असतील, तर एकटी ८ जीबीची निवडावी. टंकलेखन, ई-पत्र, अर्ज भरणे अशा कामांत दोन चॅनलांचा फरक डोळ्यांना जाणवतही नाही. तो जाणवतो तो चित्रांच्या कामात, आणि याचे कारण आपल्या यंत्रांच्या घडणीतच आहे. या यंत्रांत चित्रांसाठी वेगळे कार्ड नाही. प्रोसेसरमध्येच बसवलेला चित्रविभाग पडद्यावरचे सारे रंगवतो. त्याला स्वतःची स्मृती नसते, तो याच रॅममधून वाटा घेतो आणि याच रस्त्यांवरून सतत ने-आण करतो. एका रस्त्यावर प्रोसेसर आणि चित्रविभाग दोघांची गर्दी झाली की भूमितीच्या आज्ञावलीतील त्रिमित आकृती फिरवताना अडखळते, चित्रफीत मध्येच थबकते. दुसरा रस्ता मोकळा केल्याचा लाभ सर्वांत जास्त मिळतो तो अशा स्वस्त, वेगळे कार्ड नसलेल्या यंत्रांनाच. महागड्या यंत्रांच्या मालकांपेक्षा ही विद्या आपल्याला अधिक उपयोगाची आहे, असे मला वाटते ते यामुळे.

रॅम वाढवण्यापूर्वी आणखी एक तपासणी करावी. दानात आलेल्या काही जुन्या यंत्रांत ३२ बिटांची विंडोज असते. तिच्या घरगुती आणि कार्यालयीन आवृत्त्या ४ जीबीच्या पलीकडे पाहूच शकत नाहीत. प्रत्यक्षात वापरता येते ती त्याहूनही थोडी कमी. अशा यंत्रात ८ जीबी घातली तरी निम्मी वाया जाते. तेथे प्रथम ६४ बिटांची प्रणाली बसवावी लागते. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आपली बरीच यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांवर आम्ही लिनक्स बसवत आहोत. तो विषय निराळा आणि मोठा आहे.

प्रत्यक्ष काम करताना मुलांना दिलेली शिस्त येथे लिहून ठेवतो. यंत्र बंद करावे, भिंतीतील बटण बंद करून वायरही काढावी, मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पट्टीला हात लावण्यापूर्वी पेटीच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर साठलेली स्थितिक वीज चिपला मारक ठरू शकते. पट्टी कडांनी धरावी, सोनेरी दातांना बोट लावू नये. स्लॉटच्या कडेचा खटका बाहेर ढकलावा. काही बोर्डांवर तो दोन्ही टोकांना असतो, काहींवर एकाच. पट्टीच्या खालच्या कडेतील खाच स्लॉटमधील उंचवट्याशी जुळवावी आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब देत खटका ‘टक्’ असा मिटेपर्यंत बसवावी. खाच जुळत नसेल तर जोर लावू नये, कारण ती पट्टी त्या यंत्राची नव्हेच. डीडीआर३ ला २४० दाते असतात, डीडीआर४ आणि डीडीआर५ ला २८८; तिन्हींत खाच निरनिराळ्या ठिकाणी मुद्दाम ठेवलेली आहे, की चुकून दुसरी बसू नये.

पट्टी बसवूनही पडदा काळाच राहिला, यंत्र नुसते बीप करीत राहिले, तर बहुतेक वेळा दाते मळलेले असतात किंवा एक टोक पुरते बसलेले नसते. आपल्याकडील कारागीर दाते खोडरबराने पुसतात. मऊ पांढऱ्या रबराने हलक्या हाताने पुसले आणि कचरा स्लॉटमध्ये पडू दिला नाही, तर चालते; आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पुसणे अधिक चांगले. एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून पाहावी. त्यावरून दोष पट्टीचा की स्लॉटचा हे कळते. चांगली पट्टीही एका चॅनलच्या कोणत्याच स्लॉटमध्ये ओळखली जात नसेल, तर प्रोसेसरखालील एखादी वाकलेली पिन हे कारण असू शकते. तेथे मुलांनी हात आवरता घ्यावा. नव्या डीडीआर५ यंत्रात मात्र पट्टी बदलल्यावर पहिल्या वेळी पडदा एखादा मिनिट, कधी त्याहूनही अधिक, काळा राहतो. यंत्र त्या वेळी पट्टीशी संकेत जुळवत असते. घाबरून वीज बंद करू नये.

मांडणी नीट झाली की नाही, हे डोळ्यांनी पाहून ठरवू नये. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी’ उघडल्यास एकूण रॅम, वेग आणि किती स्लॉट भरले आहेत हे दिसते. चॅनल दिसत नाहीत. त्यासाठी ‘सीपीयू-झी’ ही मोफत आज्ञावली वापरावी. तिच्या ‘मेमरी’च्या पानावर चॅनलपुढे ‘ड्युअल’ किंवा नव्या आवृत्तीत ‘२ × ६४ बिट’ असे येते. तेथे २४०० च्या पट्टीचा वेग १२०० दिसतो आणि पट्टी निम्म्याने चालते असे वाटून पुष्कळ जण दचकतात. तसे काही नसते. प्रत्येक ठोक्याला दोन खेपा होतात; डीडीआर या नावातील ‘डबल’ तो हाच. शेवटी ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालवून एकही दोष न दाखवणारी पट्टीच आम्ही मुलांच्या यंत्रात कायम ठेवतो, कारण सदोष पट्टी दर वेळी यंत्र बंद पाडतेच असे नाही, ती अधूनमधून फाइलही बिघडवते, आणि तो बिघाड शोधणे फार जिकिरीचे असते.

आता ज्या माजी विद्यार्थ्यांना पट्ट्या पाठवावयाच्या आहेत, त्यांच्यासाठी. कक्षातील तेरा यंत्रे डीडीआर३ ची आणि नऊ डीडीआर४ ची आहेत. डीडीआर३ च्या यंत्रांना ४ जीबीच्या पट्ट्या सर्वांत जास्त लागतात, कारण त्यांतील सात यंत्रांत आजही एकच पट्टी आहे आणि एक चॅनल रिकामा आहे. डीडीआर४ साठी ८ जीबीची जोडी मिळाली तर उत्तम. एकाच कंपनीच्या असणे बरे, पण क्षमता सारखी असली की वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्याही आमच्याकडे बिनतक्रार चालल्या आहेत. लॅपटॉपच्या आखूड पट्ट्या डेस्कटॉपमध्ये बसत नाहीत. सर्व्हरमधून निघालेल्या ‘रजिस्टर्ड’ जातीच्या पट्ट्या खाच जुळून बसतात, पण आपल्या यंत्रांत चालत नाहीत. ऑनलाइन बाजारात ‘फक्त एएमडीसाठी’ असे लिहिलेल्या डीडीआर३ पट्ट्या फार स्वस्त मिळतात. आपली यंत्रे इंटेलची आहेत, त्यामुळे त्या घेऊ नयेत. जुनी पट्टी पाठवण्यापूर्वी तिच्यावरील लेबलाचे छायाचित्र शाळेकडे पाठवावे. ‘८ जीबी १आर×८ पीसी४-२४००’ अशी ती ओळ असते; तिच्यावरून ती कोणत्या यंत्रात, कोणत्या स्लॉटमध्ये जाईल हे मुले आधीच ठरवून ठेवतात. टपालाने पाठवताना पट्टी साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये. मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्कसोबत येणाऱ्या करड्या, चकचकीत पिशव्या जपून ठेवलेल्या असतील तर त्या वापराव्यात आणि बाहेरून जाड पुठ्ठा लावावा.